साहेब आधीच आलेत

लाइट गेली ना? जाऊ द्या. डीपीवरचा फ्यूज उडालाय, आता लवकर येत नाय ती. बसा इथंच गच्चीवर. मोबाइल तेवढे खिशात घाला. मोबाइलच्या उजेडात ही गोष्ट सांगायची नसते.

गोकुळराव गाडेकर तुम्हाला माहीत आहेत. मूळचे कन्नड तालुक्यातले, पण मुकुंदवाडीला स्टेशनच्या अलीकडं घर बांधून राहिलेले. यष्टीत कंट्रोलर होते. मी त्यांच्या हाताखाली ड्रायव्हर. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला काटे. त्यांची बायको रत्नमालावहिनी. उठ, चल, आण, आवर... एवढ्या चार शब्दांत त्या माणसानं अख्खा संसार केला. वहिनींनी पण कधी तक्रार केली नाही.

ते रिटायर झाले तेव्हा त्यांच्या लेकीनं, तनुजानं, पुण्याहून दोघांचं जहाजाचं बुकिंग केलं. मुंबईहून निघायचं, कोकणाच्या खालच्या अंगाला एका बंदरात दिवसभर थांबायचं, आणि परत. वहिनींनी तोवर समुद्र टीव्हीतच बघितलेला. आपल्याकडं कुठला समुद्र? आपल्याला जायकवाडीच समुद्र.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. शुक्रवार होता. अमावस्या.

जहाज सकाळी बंदराला लागलं. जहाजवाल्यांनी फिरायला बस ठेवली होती. गोकुळराव म्हणाले, "मेंढरावानी कुणाच्या मागं कशाला हिंडायचं? तासाभरावर एक गाव हाय, चांगलं म्हणत्यात. लाल बस जाती. आपण आपलं जाऊ न येऊ. जन्मभर गाड्या सोडल्या म्या, मला टाइम शिकवतंय व्हय कुणी?"

गावाचं नाव मी घेत नाही. तिथल्या लोकांनी आपलं काय वाकडं केलं?

जहाजातून उतरताना दाराशी एक मशीन. प्रत्येकाला आपापलं कार्ड. ते मशीनला लावलं की ठुण्णकन वाजतं, पडद्यावर आपला फोटो येतो. माणूस उतरला. परत येताना लावलं की माणूस चढला. संध्याकाळी सातच्या आत या, असं तिथल्या माणसानं बजावलं. जहाज कुणासाठी थांबत नाही.

गाव खरंच चांगलं होतं. नारळाची झाडं, खाडीवर छोटा धक्का, पलीकडं वाळू आणि मग समुद्र. वहिनी पाण्यात पाय बुडवून उभ्या राहिल्या ते हलेचनात. दुपारी दोघं मासे-भात जेवले. ऊन कलायला लागलं तसं गोकुळराव म्हणाले, "तू बस हितंच पायऱ्यावर. मी परतीच्या गाडीचं इचारून येतो."

बसस्टँड हाकेच्या अंतरावर. वहिनी पायऱ्यांवर बसल्या.

गोकुळराव आले नाहीत.

आधी वहिनींना वाटलं, चहा पीत असतील. मग वाटलं, गाडी लेट असेल. मग उन्हाचा रंग बदलला. फोन लावला. बंद. स्टँडवर गेल्या. तिथला माणूस म्हणाला, "व्हय, एक जाडसर काका आलेले, टाइम विचारून केव्हाच गेले. खाडीकडे गेले."

खाडीकडं तर वहिनीच बसल्या होत्या.

मग त्या सैरभैर झाल्या. धक्का, बाजार, देऊळ, परत धक्का. "अहो... अहो..." नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते सुद्धा घेतलं. "गोकुळ! ओ गोकुळ!" अनोळखी गावात, पायात चप्पल एकच, दुसरी कुठं पडली ते ठाऊक नाही. लोक बघायला लागले. एक म्हातारी सुकट विकत बसली होती. तिनं वहिनींचा हात धरला.

"बाये, पाण्याच्या बाजूक शोधू नको. आज अवस आसा."

"माझा मालक हरवलाय, मावशी!"

म्हातारीनं पाण्याकडं पाहिलं. मग टोपली उचलली आणि घरी निघून गेली.

सूर्य टेकला. वहिनींना कार्ड आठवलं. त्याच्या मागं जहाजाचा नंबर होता. रडत रडत लावला. एका बाईनं उचलला. नाव विचारलं, थांबायला सांगितलं, आणि म्हणाली, "मॅडम, आप जल्दी आइए. साहब तो पहले ही आ चुके हैं. कार्ड स्कैन हुआ है."

आधीच आलेत!

वहिनींना पहिल्यांदा हायसं वाटलं. मग असं रडू फुटलं की विचारू नका. मला टाकून गेले? परक्या मुलखात, एकटीला? रिक्षावाल्याला हात जोडले, आणि तासाभराची वाट त्यानं रिक्षा जीव खाऊन पळवली. जहाजाचं दार ओढायच्या बेतात असताना वहिनी पोचल्या. ठुण्ण. चढल्या.

"हमारे साहब...?"

"ऊपर हैं, मॅडम. कब के आ गये."

खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. गोकुळराव खाटेच्या कडेला बसलेले, दाराकडं पाठ, तोंड गोल खिडकीकडं. बाहेर बंदराचे दिवे हळूहळू मागं सरकत होते. जहाज सुटलं होतं.

वहिनींनी मनात किती शिव्या साठवल्या होत्या. एक आली नाही. "असं करतेत का हो?" म्हणाल्या, आणि हुंदका.

"दमलीस?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"लई पळावं लागलं तुला," तो म्हणाला. आवाज गोकुळरावांचाच. पण हळू. मऊ. "लई वाट बघितलीस. बस."

वहिनी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. अंगातलं सगळं बळच गेलं होतं. त्यांनी मला नंतर सांगितलं, भाई, तेवढा एक क्षण मला लई बरं वाटलं. पस्तीस वर्षांत कुणी असं इचारलं नव्हतं.

"पाय दुखत असतील. आण इकडं."

त्यानं पाठ वळवली नाही. नुसता हात मागं आला. अंधारात चाचपत आला, आणि वहिनींचा घोटा धरला.

गार. ओल्या दगडासारखा.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"उचलू नको," तो म्हणाला. तसाच. मऊ.

वहिनींचं बोट आपोआप लागलं की काय... फोन उचलला गेला. आणि पलीकडून, खोलीभर ऐकू जाईल असा आवाज...

"कुठं मेलीस गं? अक्कल हाय का नाय? म्या इथं बोंबलतोय धक्क्यावर, न तू कुठं उलथलीस? कोळ्याच्या फोनवरनं लावतोय, माझा भिजला! जहाज गेलं आसंल आता! कुठं हाईस तू?"



वहिनींना कळलं. त्या शिव्यांनीच कळलं. त्यांचा नवरा जिवंत होता. तिकडं. त्या गावात.

मग हा...

"अहो..." त्यांच्या तोंडून एवढंच निघालं. "मला न्यायला या हो..."

खाटेच्या टोकावरून, हळूच...

"मी हाय ना."

घोट्यावरचा हात घट्ट झाला.

वहिनी ओरडल्या. समोरच्या खोलीतली बाई धावत आली, तिनं दार ढकलून दिवा लावला. वहिनी जमिनीवर. खाट रिकामी. न्हाणीघर रिकामं. ती खिडकी तर उघडतच नव्हती.

जहाजवाल्यांनी सगळं जहाज पालथं घातलं. फोनवर गोकुळरावांशी बोलले. मग म्हणाले, मशीन चुकलं असेल. पण गोकुळरावांचं कार्ड गोकुळरावांच्याच खिशात होतं, भिजलेलं. परतीचा अख्खा प्रवास वहिनी जेवणाच्या हॉलमध्ये लख्ख दिव्यांखाली बसून राहिल्या. खोलीत पाय ठेवला नाही. डोळा मिटला नाही.

आणि तिकडं गोकुळरावांचं काय झालं होतं? ते स्टँडवरून निघाले, तर समोर वहिनी चाललेल्या. चपला हातात, पदर खोचलेला. त्यांनी हाक मारली. वहिनी थांबल्या नाहीत. हे मागं. शिव्या देत देत मागं. वहिनी वाळूवर, हे वाळूवर. वहिनी पाण्यात... एका कोळ्यानं होडीतून बघितलं. एकटा माणूस, छातीएवढ्या पाण्यात, पुढं पुढं चाललाय, आणि रिकाम्या पाण्याला म्हणतोय, "थांब की गं!" त्यानं गचांडी धरून ओढला. गोकुळरावांच्या मते दहा मिनिटं झाली होती. वर बघतात तर अंधार.

असू द्या. पुढं ऐका.

मुंबईला जहाज लागलं. वहिनी उतरायला मशीनपाशी आल्या. ठुण्ण. तिथल्या माणसानं पडदा बघितला, आणि सहज बोलून गेला, "साहब का भी हो गया, मॅडम. वो पहले ही उतर गये."

वहिनी मागं न बघता खाली उतरल्या.

गोकुळराव रेल्वेनं मुंबईला आले. तनुजा दोघांना घेऊन मुकुंदवाडीला आली. मी भेटायला गेलो. गोकुळराव वहिनींच्या शेजारी बसून होते. बोलत नव्हते. शिव्या पण नाही. 

दुसऱ्या दिवशी नळ आला. आपल्याकडं पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला सांगायला नको. हौद भरला. गोकुळरावांनी तांब्या तोंडाला लावला, आणि थू करून घोट अंगणभर उडवला.

खारं.

शेजारी वच्छलाबाईंकडं त्याच लाइनचं पाणी. चांगलं, नेहमीचं. यांचंच खारं. हौद उपसला. घासला. चुना लावला. टँकर मागवला. टँकरच्या पाइपाला तोंड लावून बघितलं, गोड. हौदात पडलं, एक रात्र राहिलं... खारं. मी स्वतः चाखलंय. अल्लाशप्पथ, मीठ घातल्यासारखं नाही. समुद्रासारखं. आपल्या इथं, पाचशे फूट बोअर मारला तरी ओल लागत नाही तिथं.

आता त्या घरी प्यायला जारचं पाणी येतं. गोकुळराव तेच पितात. लेक आली की तेच पिते.

वहिनी जारचं पीत नाहीत. एकदा संध्याकाळी मी गेलो, तर त्या हौदाचं झाकण सरकवून, वाकून, ओंजळीनं पीत होत्या. डोळे मिटून. लई तहान लागल्यासारख्या.

म्हणालो, "वहिनी... कसं पिता हो हे?"

त्यांनी तोंड पुसलं. माझ्याकडं बघून हसल्या.

"का? लई गोड हाय, करीमभाई."