एरुएराची तहान

ही गोष्ट खरी आहे. कुणी हसलं तरी चालेल. मी तिथेच बसले होते.

साल १८९७, मार्च महिना. दक्षिण समुद्रातल्या आमच्या बेटावर, होकियांगाच्या खाडीकाठचं आमचं गाव.

माझा धाकटा भाऊ एरुएरा लाकडाच्या गलबतावर कामाला होता. वादळानंतर दुसऱ्या दिवशी गलबताच्या फळ्या तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. माणूस एकही नाही.

आई मानायलाच तयार नव्हती.

पण प्रेत नाही म्हणून रडायचंच नाही का? अशाने त्याचा जीव अडकून राहील, पूर्वजांकडे पोचणार नाही, असं मीच तिला ऐकवलं. हट्टच धरला.

पॅरिसात शिकलेला चित्रकार लिंडवाल तेव्हा गावात राहून आमच्या पूर्वजांची चित्रं काढायचा. होडीतल्या एका पूर्वजासाठी त्याने एरुएराला समोर बसवलं होतं. मीच माझा खापरपणजोबा, असं एरुएरा गावभर सांगत फिरायचा.

त्याच्या चेहऱ्याचं ते चित्र मी मागून आणलं. सभाघराच्या ओसरीत चटईवर ठेवलं. आमच्यात गेलेल्याला एकटं सोडत नाहीत. तीन दिवस त्याच्याशी बोलतात, रडतात, आणि जा म्हणून निरोप देतात.

सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

जा, एरुएरा... जा...

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्राला भेगा पडलेल्या दिसल्या.

फक्त ओठांना...

लिंडवालने जवळ येऊन निरखून पाहिलं. अशा भेगा पडायला वर्षं जावी लागतात, म्हणाला. चित्र जेमतेम दोन आठवड्यांचं होतं.

आई पाण्याने भरलेला पोकळ, सुका भोपळा घेऊन आली.

"तहानलाय गं पोरगा."

"आई, गेलेल्याला कसली तहान? जाऊ दे आता त्याला."

तिने भोपळा खाली ठेवला. माझं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सगळ्यांचं रडणं एकदम थांबलं. लाटाही ऐकू येईनात...

चित्राखालची चटई ओली झाली होती. मी बोट लावून चाखलं.

खारट.

नऊ दिवसांनी त्या गलबतावरचा एक खलाशी जिवंत परतला. तो आणि एरुएरा पाच दिवस एका खडकावर होते. प्यायला पाण्याचा थेंब नाही.

"शेवटचे तीन दिवस सारखा म्हणायचा, ताई जा म्हणतेय. मी म्हटलं, इथे कुणी नाही रे. तिसऱ्या दुपारी 'बरं, जातो' म्हणाला आणि पाण्यात उतरला. तासाभरात लांबच्या बंदराला निघालेल्या एका जहाजाची होडी आम्हाला न्यायला आली."

हे कसं झालं, मला आजही कळत नाही.

आई मला मरेपर्यंत एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.