अडकलेला दात

नोकरीवरून काढलेल्यांची अपिलं ज्या न्यायाधिकरणात चालायची (चालायची कसली, रांगायची) तिथल्या कारकूनबाईंना त्या सकाळीही श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दोन साहेबांच्या खुर्च्या कधीच्या रिकाम्या, उरलेले एकटे सगळं उपसत होते. फायली कपाटातून खिडकीत आणि खिडकीतून जमिनीवर उतरल्या होत्या. बाईंच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य असायचं, "पुढची तारीख घ्या."

व्हरांड्यातल्या बाकावर ती आई नेहमीसारखी बसली होती. बाळंतपणाच्या रजेत नोकरी गेलेली. मांडीवर तान्ही.

"मॅडम, आज एवढं लावाच हो. हिचा दात अडकलाय."

"दाताचा नि तारखेचा काय संबंध गं?"

"बघा ना हात लावून."

बाईंनी हिरडीवरून बोट फिरवलं. टोक टोचलं. पूर्वी एकदा याच बाकावर, याच हिरडीत अगदी अस्संच टोचलं होतं. तेव्हा त्यांची धाकटीही दात काढत होती. आज सकाळी त्याच धाकटीनं "वेणी माझी मी घालीन, लुडबुड नको" म्हणून त्यांना झापलं होतं.

बाईंनी बोट चटकन मागे घेतलं.

"ही दुसरी ना तुझी?"

"एकच आहे मला. निकालाशिवाय काहीच पुढे सरकत नाही, मॅडम."

"बाई, बाळं कसली खेळवताय?" शिपाई ओरडला. "आत साहेब तापलेत!"

बाईंनी तिची फाईल गठ्ठ्यात सगळ्यात वर सरकवली.

"ही मध्येच कुठून उगवली?" साहेब म्हणाले.

"चुकून आली, साहेब."

"आता आलीच आहे तर..."

दुपारी अपील मंजूर झालं. नोकरी परत. आई रडत-हसत बाहेर आली, बाळाला खांद्यावर टाकून जिना उतरू लागली. बाई दारात उभ्या राहिल्या.

पहिल्या वळणावर बाळ रडलं. त्याचं रडणं बाईंनी कधी ऐकलंच नव्हतं.

त्याखालच्या वळणावर बोबडे बोल. "आई, कदेवल घे."

मग, "सोड. मी चालते."

अगदी तळाशी एका मोठ्या मुलीचा स्वच्छ आवाज. "आई, इतके दिवस आपण कुठे होतो गं?"

आईचं उत्तर ऐकू आलं नाही. खालचं दार लागलं.

बाई वळल्या. बाकावर तिच्या रिकाम्या जागी गोदामातला हमाल सरकून बसला होता. हात मोडला म्हणून कामावरून काढलेला. त्याचं प्रकरण त्या आईच्याही आधीचं.

"मॅडम, माझं कधी?"

"पुढची..."

बाई थांबल्या. त्याच्या हाताच्या प्लॅस्टरमधून पाणी ठिबकत होतं. प्लॅस्टर अजून सुकलंच नव्हतं.