दोनशे ग्रॅमचा फरक

"तो मोठा घेऊ नका जी, पस्तावाल!"

मी वळून पाहिलं. दुकानाच्या काउंटरला टेकून एक तरुण उभा होता. निळा शर्ट, बाहीवर खडूची पांढरी रेघ, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू माझी नि त्याची शाळेपासूनची ओळख.

"तुम्ही इथे कामाला आहात?" मी विचारलं.

"नाही जी. मीबी गिऱ्हाईकच."

"मग गिऱ्हाइकानं गिऱ्हाइकासारखं राहावं."

दुकानदार सुनीलभाऊ खाली मान घालून हसले. समोर दोन लॅपटॉप उघडून ठेवले होते. एक तेरा इंची, एक सोळा इंची. दोन्ही पातळ, दोन्ही हलके, आत यंत्र तेच. छोटा किलोभराचा, मोठा बाराशे ग्रॅमचा. अर्धा तास झाला तरी माझं ठरत नव्हतं आणि यवतमाळभर मला हट्टी म्हणतात, म्हणजे बघा!

न ठरायला कारण होतं. मी लग्नांचे अल्बम बनवते. चार वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत बनवले, दिवाळीनंतर तिथून बाहेर पडले. घरी वादळ झालं. माझे बाबा, कमलाकरराव, जन्मभर सरकारी कचेरीत होते. त्यांच्या लेखी नोकरी सोडणं म्हणजे वेडाचा झटका. शेवटी चिडून म्हणाले, "ठीक आहे. स्वतःच्या नावावर पहिलं काम पक्कं करून दाखव. त्या दिवसापासून तुझ्या कुठल्याच निर्णयात मी तोंड घालणार नाही. पण फसलीस, तर नागपूरला काकांच्या ऑफिसात जायचं. निमूटपणे."

बाबा शब्दाचे पक्के. म्हणून तर मला धडकी भरली होती.

"दोनशे ग्रॅमचाच तर फरक आहे," मी सुनीलभाऊंना म्हटलं, पण ऐकू त्याला जाईल असं. "एक वांगं जास्त उचललं तर खांदा मोडत नाही."

"वजनाचं नाही म्हणून राह्यलो मी. रुंदीचं!" तो सरसावलाच. "रोज एसटीनं घाटंजीले जातो मी, शिकवाले. दोघांच्या सीटवर तिघं बसतात. हा उघडाल कुठं?"

"माझ्या मांडीवर उघडेन. तुमच्या नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. त्याचे कान लाल झाले. सुनीलभाऊंना एकाएकी खोकला आला.

"आणि तुम्ही मास्तर ना?" मी घाईघाईनं पुढे रेटलं. "मग मोठा तुम्हीच घ्या. मागच्या बाकावरच्या पोरांना दिसायला नको?"

"आमच्या कॉलेजात प्रोजेक्टर हाये जी."

"आणि माझ्या गिऱ्हाइकांची घरं भरलेली असतात. सगळ्यांना दिसायला हवं."

त्यानंतर कोणी कोणाचं ऐकेना. मी मोठा घेतला, त्यानं छोटा. पिशवीत घालायला गेले तर मोठ्याचा कोपरा बाहेर, चेन काही लागेना. त्यानं पुढे होऊन दार धरलं.

"सांभाळून. पडंन."

"पडला तर तुमच्यावर केस करीन."

"मंग नाव माहीत पाहिजे. संघदीप."

"मी विचारलं नव्हतं!" मी तरातरा पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर मात्र पाय थबकला... "शाल्मली," मी म्हटलं. मागे न बघता.

*

माझं पहिलं काम घाटंजीचंच निघालं. तिथल्या विमलताईंच्या लेकीचं, ममताचं, लग्न झालं होतं, दोन हजारांवर फोटो होते आणि त्यांतले तीनशे घरच्यांनी निवडून द्यायचे होते. ते पक्के झाले की अल्बम माझा.

घाटंजीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि ऐटीत लॅपटॉप उघडला. म्हणजे, अर्धा उघडला. पुढच्या सीटवरच्या काकांनी डोकं मागे टेकलं आणि स्क्रीन माझ्याकडे झुकली. मी ती आडवी केली, तर शेजारच्या आजोबांच्या पोटात कोपरा. मग थोडी तिरकी धरली, तेव्हा कुठे ममताचं लग्न दिसायला लागलं. मला नव्हे, सगळ्या गाडीला!

"नवरी गोड हाये," मागची मावशी उठून उभी राहत म्हणाली. "पण नवरदेव काहून एवढा घाबरून राह्यला?"

"हळदीचे दाखवा ना ताई," कोणीतरी फर्माईश केली. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला आणि नवरीचा शालू बनारसी की पैठणी यावर त्यानं मत दिलं.

मी वैतागून वर पाहिलं. पलीकडच्या सीटवर संघदीप! मांडीवर पाटीएवढा लॅपटॉप, एका हातात चहाचा कागदी कप, आणि भुवई... ती भुवई तर अशी वर गेलेली, की मला ती हातानं खाली ओढावीशी वाटली.

"एक अक्षर बोलू नका," मी म्हटलं.

"मी कुठं बोलून राह्यलो?"

तो खरंच बोलला नाही. नुसता हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. मी हे बघायला नको होतं, पण बघितलं.

मग ते दिवस सुरू झाले. मी कधी विमलताईंकडे राहिलेले फोटो आणायला जायची, कधी कव्हरचे नमुने दाखवायला, आणि एकदोनदा... आता लपवण्यात काय अर्थ, काही काम नसतानाही गेले. गाडी फलाटाला लागली की संघदीप खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरायचा. जानेवारीची थंडी, काच कधीच नीट न लागणारी, बाहेर कापसानं लादलेल्या गाड्यांची रांग. वाऱ्यानं माझी ओढणी त्याच्या तोंडावर गेली की तो ती दोन बोटांनी उचलून परत माझ्या हातात द्यायचा. मी आपली खिडकीबाहेर बघायची, उगाच.

एकदा त्याचा चेहरा पडलेला दिसला.

"काय झालं मास्तर?"

"प्रोजेक्टर मेला," तो म्हणाला. "नवा कधी येईन कोणाले माहीत. बाकावर लॅपटॉप ठेवून शिकवून राह्यलो. मागून पोट्टे बोंबलतात, सर, दिसून नाही राह्यलं!"

मी मोठ्यांदा हसले. त्यानं माझ्याकडे रागानं बघायचा प्रयत्न केला, पण त्याला तो जमला नाही.

*

माझं हसू रविवारी जिरलं.

विमलताईंच्या घरात त्या दिवशी चौदा माणसं होती. मी मधोमध स्टुलावर माझा सोळा इंची उघडला आणि मनात म्हटलं, बघा, कसं लख्ख दिसतंय सगळ्यांना!

तेच नडलं. सगळ्यांना दिसलं, म्हणून सगळे निवडायला बसले. प्रत्येकाला आपल्या आहेराचा फोटो अल्बममध्ये हवा होता. मामींना स्वतःचे डोळे मिटलेले चालेनात, आणि ज्यात मामींचे डोळे उघडे, त्यात काकू पाठमोऱ्या. तेवढ्यात मोठे जावई खुर्चीतून उठले.

"पन्नास फोटो पाहून झाले," ते शांतपणे म्हणाले. "आम्ही लग्नाले आलतो का नव्हतो, तेवढं सांगा."

झालं! जावई रुसले म्हटल्यावर घर हललं. पोहे आले, चहा आला, संत्री आली, समजूत निघाली. ममता आणि तिचा नवरा विक्की भिंतीशी बसून होते. त्यांना कोणी काही विचारलंच नाही. संध्याकाळी मी मोजले, तर पक्के झालेले फोटो अकरा. अकराही मोठ्या जावयांचे.

विमलताई दाराशी आल्या. बाई वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. "पोरी, बुधवारी सकाळी ममता हैदराबादले चालली. मंगळवारपर्यंत झालं तर ठीक. नाही तर मी आमच्या जुन्या स्टुडिओवाल्याले देऊन टाकतो. तो विचारत-गिचारत नाही, आपल्या मनानं लावून टाकते."

त्या रात्री मला नागपूरचं ऑफिस दिसत राहिलं. काकांची काचेची केबिन, आणि बाहेर कारकुनांच्या ओळीत मी.

*

मंगळवारी एसटीत बसले ती तोंड पाडूनच. संघदीपनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता डोळे भरून आले. मी, शाल्मली, एसटीत रडत होते!

माझ्या हातातली फोटोंची हार्ड डिस्क घेऊन त्यानं ती आपल्या लॅपटॉपला जोडली आणि दोघांच्या मधे धरली. "दाखवा तर मले. कोणते घ्यावे वाटतात तुम्हाले?"

मी वाकले. तोही वाकला. एवढीशी ती स्क्रीन. बघायचं तर डोक्याला डोकं लावल्याशिवाय इलाज नव्हता. त्याच्या शर्टाला खडूचा आणि साबणाचा वास होता. एक फोटो आला, ममता हसतेय आणि विक्की तिच्या केसातला तांदूळ काढतोय. आम्ही दोघंही त्यावर थांबलो. जरा जास्तच थांबलो.

"हा..." तो हळूच म्हणाला.

"हा," मी म्हटलं.

तेवढ्यात मागची मावशी उठली. हो, तीच! मान लांब करून तिनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "एवढूशात काय दिसते बाप्पा," म्हणाली आणि बसून डोळे मिटले.

मी ताडकन सरळ झाले. "संघदीप! तिला दिसलं नाही!"

"मंग?"

"दोघांनाच दिसतं. फक्त दोघांना!"

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं शांतपणे लॅपटॉप मिटला आणि माझ्या पिशवीत सरकवला. चेन सर्रकन लागली.

"आणि तुमचा तास?"

"तुमचा मोठा द्या इकडं," तो म्हणाला. "जा. आणि जिंकून या."

*

विमलताईंच्या घरी माणसं तेवढीच होती. मी ओसरीवरच्या खाटेवर ममताला बसवलं, तिला खेटून विक्कीला बसवलं आणि त्यांच्या मांडीवर छोटा लॅपटॉप ठेवला. घर भोवती गोळा झालं. मामींनी चष्मा लावला, काढला. काकूंनी मान वाकडी केली, तर मानेत उसण भरली. मोठे जावई सगळ्यात चिवट. पाच मिनिटं टाचा उंच करून उभे होते.

"मले तर काहीच दिसून नाही राह्यलं," शेवटी ते म्हणाले आणि जेवायला बसले. त्यांच्यामागे सगळं घर जेवायला बसलं.

ओसरीवर आम्ही तिघंच उरलो. आणि मग काय सांगू! ती दोघं फोटो निवडत नव्हती, आपलं लग्न पहिल्यांदा बघत होती. लग्नाच्या दिवशी त्यांना कुठे काय दिसलं होतं? "तू इथं रडली होती?" विक्कीनं विचारलं. "तू इथं माह्याकडेच पाहून राह्यलता?" ममता म्हणाली. माझं काम नुसतं बटण दाबायचं. ताटं उचलली जाईपर्यंत तीनशे फोटो पक्के झाले होते.

मोठ्या जावयांना मी माझ्या अधिकारात, तिथंच स्क्रीनवर मांडून, एक आख्खं पान दिलं. फेट्यासकट. ते पान बघून त्यांनी जाहीर केलं, "पोरीले काम समजते!" विमलताईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. "मे महिन्यात पुतण्याचं लग्न हाये. तेबी तूच करशीन."

मी बाबांना फोन केला. "झालं बाबा. पहिलं काम पक्कं. दुसरंही मिळालं."

पलीकडे ते खाकरले. "मी शब्द दिला होता," म्हणाले. आणि मग अगदी हलक्या आवाजात, "शाब्बास."

*

स्टँडवर संघदीप माझा मोठा लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. मला पाहताच दोन ढांगांत पुढे आला. माझ्या चेहऱ्यावरच सगळं लिहिलेलं असावं, कारण त्यानं हवेत मूठ उडवली आणि शेजारी उभं असलेलं कुत्रं दचकून पळालं.

"माह्यावालंबी झालं!" तो म्हणाला. "शेवटच्या बाकापर्यंत दिसलं. पोट्टे म्हणे, सर, हाच ठेवा!"

"म्हणजे आपण एकमेकांचे घेऊन बसलो होतो."

"हो ना." मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. तो लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "मंग... पक्कीच करून टाकू अदलाबदल? माह्या तुमच्याकडं, तुमचा माह्याकडं... म्हंजे पुन्हा पुन्हा त्रास नको तुम्हाले."

त्रास! या माणसानं पूर्ण महिना रुमाल टाकून जागा धरली आणि आता त्याला त्रास सुचत होता. त्याला बोलायचं दुसरंच होतं. ओठापर्यंत येत होतं आणि परत जात होतं. मला कळलं, हा असाच पावसाळ्यापर्यंत कडेवरून बोट फिरवत बसेल.

आज सकाळची वेळ असती, तर मीही गप्प बसले असते. पण आजपासून माझे निर्णय माझे होते, आणि ते मी कमावले होते.

"नाही," मी म्हटलं. "अदलाबदल नाही. मले दोन्ही पाहिजेत."

आमच्या घरी पुस्तकी बोलायची शिस्त, पण छाती धडधडायला लागली की माझी सगळी शिस्त जाते.

"दोन्ही?" तो गोंधळला. "मंग मी कायनं शिकवू?"

"जे लागंन ते सकाळी उचलायचं. दोन्ही एका घरात असले, की जमते."

"एका घरात..." तो पुटपुटला. आणि मग त्याचे डोळे असे काही हसले! "शाल्मली... कोणाच्या घरात?"

"ते तू सांग. सगळं मीच बोलू का?"

गाडी लागली. लोक धावले, आणि त्या दिवशी आम्ही दोघंही रुमाल टाकायचं विसरलो. शेवटच्या सीटवर, दणके खात, दोन लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. त्यानं माझा हात धरला तो सरळ, सगळ्या गाडीसमोर. दुसऱ्या हातानं फोन लावला.

"आई, तू म्हणत होती ना, पोरगी पाहा म्हणून? नाही, मी नाही पाहिली. तिनंच मले पसंत करून टाकलं... खरंच म्हणून राह्यलो! हे घे, बोल."

फोन माझ्या कानाशी आला. माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला.

"जयभीम, आई. मी शाल्मली."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आणि त्यामागून एक भरलेला, घाईचा स्वर.

"जयभीम, बाई. रविवारीच ये. तिखट चालते ना तुले?"