पिवळे झेंडे कोण सरकवतं

परसात एक अनोळखी माणूस पावसात उभा होता. हातात लांब कांडीसारखं यंत्र, डोळ्यांवर ओढलेली टोपी, आणि पायाशी गवतात खोचलेले छोटे पिवळे झेंडे... एकामागून एक.

बर्नाडेट पावलाकनं कॉफीचा मग खिडकीत ठेवला, वडिलांचा रेनकोट खांद्यावर ओढला आणि मागच्या दारानं बाहेर आली.

“कोण तुम्ही? आणि आत कसे आलात?”

“फाटकातून,” तो म्हणाला. यंत्र बीप-बीप करत होतं. ते थांबल्यावरच त्यानं वर पाहिलं. चष्म्याच्या काचांवर पाणी साचलं होतं, त्यामुळे त्याला ती कितपत दिसत होती कोण जाणे. “एमेट रूर्क. जमिनीखालच्या नळ्या शोधून खुणा करतो. तुमच्याकडे खोदकाम आहे ना?”

“मी कोणाला बोलावलं नाही.”

“रे पावलाक म्हणून कोणाचा तरी फोन होता.”

रे तिचा चुलतभाऊ. घराला मागच्या बाजूनं एक खोली काढायची होती, ते काम तोच करणार होता. खोली वडिलांसाठी. काझिमिर पावलाक जन्मभर टोलेडोच्या काचकारखान्यात भट्टीपुढे उभे राहिलेले. वसंतात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, जिना बंद झाला, आणि तेव्हापासून त्यांची खाट जेवणाच्या खोलीत होती. टेबल भिंतीला सरकवून लेक शेजारी सोफ्यावर झोपायची.

“हे झेंडे काय म्हणतायत?” तिनं विचारलं.

“त्यांच्या रेषेखालून गॅसची मोठी नळी जाते. कुंपणापासून इथपर्यंतच्या पट्टीवर कंपनीचा वहिवाटीचा हक्क आहे. जमीन तुमचीच. कर तुम्ही भरायचा, गवतही तुम्हीच कापायचं. पण कंपनीला कधीही येऊन खणता येतं, आणि तुम्हाला पट्टीवर काही बांधता येत नाही.”

“म्हणजे माझ्याच जमिनीत माझं चालत नाही.”

“टोमॅटो चालतात,” तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. निदान तिनं येऊ दिलं नाही. क्लीव्हलंडला ज्या माणसाशी तिचं लग्न ठरलं होतं तो असाच गोड बोलायचा, आणि त्याची दुसरीकडेही तितकीच गोड बोलणी चालली होती. तेव्हापासून कोणी नीट बोललं की बर्नाडेट आधी त्याच्या हाताकडे बघायची. याचे हात चिखलानं भरलेले होते.

“खोली बसेल का?”

“नकाशातला कोपरा हातभर पट्टीवर येतोय. हातभर आवरलीत तर बसेल.” तो थांबला. “ओल्या गवतावर रंग टिकत नाही म्हणून नुसते झेंडे लावलेत. तेवढे... हलवू नका.”

“मी कशाला हलवू?”

“लोक हलवतात,” तो म्हणाला आणि फाटक लोटून गेला.

त्या ‘लोक हलवतात’चा तिला दिवसभर राग येत राहिला.

आठवड्यानं रे मोजमापाची फीत घेऊन आला आणि परसात डोकं खाजवत उभा राहिला. “बर्नी, ही खोली होत नाही बघ. झेंडे पार घराला भिडलेत. इथे फार तर कोंबड्यांचं खुराडं होईल.”

बर्नाडेटनं पाहिलं. झेंडे खरंच जवळ आले होते. त्या दिवशी ते मेपलच्या झाडापलीकडे होते, आता अलीकडे.

तिनं तडक फोन लावला. दुपारी एमेट आला. कांडी फिरवली, बीप ऐकले, सगळे झेंडे उपटून पुन्हा मेपलपलीकडे लावले. मग हात पुसत तिच्यापुढे उभा राहिला.

“हे मी लावले नव्हते.”

“मग कोणी? मी?”

“तोच विचार करतोय. पण ज्याला बांधायचंय तो झेंडे कुंपणाकडे ढकलेल, स्वतःच्या घराकडे नाही. म्हणून तुमच्यावर संशय घेता येत नाही.” तो जरा खट्टू झाल्यासारखा वाटला. “पूर्ण घेता येत नाही.”

“मी मात्र तुमच्यावर पूर्ण घेऊ शकते,” ती म्हणाली. “कंपनीला जास्त जमीन लाटायची असेल. पहिल्यांदा खरं सांगायचं, मग इंच इंच आत यायचं.”

“आणि त्यासाठी मी पावसात तुमच्या परसात चोरून येतो?”

“तुमचं तुम्हाला माहीत.”

त्यानं कांडी खांद्यावर टाकली. मग म्हणाला, “तुमच्या रेनकोटाची गुंडी वर-खाली लागलीय.” आणि गेला.

काझिमिर खिडकीत बसून सगळं बघत होते. “काय म्हणाला गॅसवाला?”

“काही नाही. आगाऊ आहे.”

“आगाऊ माणूस जाताना फाटकाला कडी लावत नाही,” ते म्हणाले आणि पिरोगीच्या, त्या पोलिश उकडकरंज्यांच्या, ताटलीत बघू लागले.

बर्नाडेट चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर चौकट नीट बसवायची, काड्या वाकवायच्या, नाकावरची पकड सैल-घट्ट करायची. शनिवारी सकाळी दार उघडलं आणि एमेट रूर्क आत आला. चष्मा हातात, एक काडी विचित्र वाकलेली.

“यावर बसलो,” तो म्हणाला.

तिनं काडी उजेडात धरली. बसल्यानं काडी अशी वाकत नाही. बसल्यावर ती बाहेर फाकते. ही कोणीतरी दोन बोटांत धरून नेटानं आत वाकवलेली होती.

“शहरात चष्म्याची दुकानं कमी नाहीत.”

“हो, पण मला इथलंच...” तो अडखळला. “जवळ पडतं.”

“कुठून जवळ?”

तिनं काडी मऊ व्हावी म्हणून दुकानातल्या गरम वाळूत धरली, सरळ केली आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. कानामागे बोट घालून ताण बघावा लागतो. रोज कितीतरी कानांमागे ती बोट घालायची, त्यात काही नव्हतं. आज मात्र बोट जरा जास्त वेळ तिथं राहिलं. त्याचे डोळे करडे होते आणि अगदी जवळ होते. त्यानं श्वास रोखून धरला होता.

“श्वास घ्या,” ती म्हणाली. “चष्मा श्वासासकट बसायला हवा.”

“झेंडे पुन्हा हललेत का?” त्यानं हळूच विचारलं.

तिचं बोट चटकन मागे आलं. सकाळीच त्यातले बरेचसे पुन्हा घराकडे सरकलेले तिनं पाहिले होते. अजून कोणालाही सांगितलं नव्हतं. मग याला कसं कळलं?

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. अंदाज...”

“फारच नेमका अंदाज आहे तुमचा,” ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

मंगळवारी दुपारी ती जेवायच्या सुट्टीत घरी निघाली. दोन दिवसांनी रे खणायला सुरुवात करणार होता. बहुतेक झेंडे पुन्हा घराशी आलेले बघून त्यानं वैतागून खोलीचा नाद तूर्त सोडला होता, पण नळी झेंड्यांखाली आहे, त्यापलीकडे कुंपणाकडे खाली काही नाही असं समजून तिथं पावसाच्या पाण्याचा चर खणून घ्यायचं ठरवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी तिला एमेटचा ट्रक दिसला. कुंपणाला समांतर लावलेला, आणि आत तो, तिच्या परसाकडे तोंड करून.

ती सरळ पलीकडचं दार उघडून आत बसली. रेनकोटाचं पाणी सीटवर सांडलं.

“पकडलं,” ती म्हणाली.

“मी झेंडे हलवत नाहीये. कोण हलवतं ते बघतोय.”

“कंपनीनं पाठवलं?”

“नाही. आज माझी सुट्टी आहे.”

“सुट्टीच्या दिवशी माणसं मासे पकडायला जातात.”

“हो,” तो म्हणाला. “मी दोनदा निघालो. दोन्ही वेळा गाडी इकडेच वळली.” मग समोर बघतच म्हणाला, “आणि चष्म्याची काडी मीच वाकवली होती. तुम्ही आधीच ओळखलंत, तरी सांगतो. खोटं बोलल्यापासून झोप नाही.”

ती काही बोलणार होती, चांगलं झोंबणारं... पण तेवढ्यात मागचं दार उघडलं.

काझिमिर बाहेर आले. एका हातात काठी. डावा पाय गवतातून ओढत, दर पावलाला थांबत, ते मेपलपाशी पोचले. काठी झाडाला टेकवली, बुंधा धरून खाली वाकले, मागे राहिलेला एक झेंडा उपटला, आणि तसेच ओढत ओढत घराकडे येऊन तो पुन्हा खोचला. मग दुसऱ्यासाठी वळले.

ज्या माणसाला मोजे चढवायला ती रोज मदत करायची, तो पावसात वाकत होता, उठत होता. तिसऱ्या झेंड्याला त्यांचा तोल गेला. एमेट दार उघडून धावला, ती त्याच्यामागे.

त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, टॉवेल दिला. काझिमिरनी आधी लेकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पण नजर टिकली नाही.

“बाबा, का?”

“ओरड. ओरडायचं तेवढं ओरड.”

ती ओरडली नाही. “परवा रे झेंड्यांपलीकडे चर खणणार आहे,” एवढंच म्हणाली. एमेट त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला. “मिस्टर पावलाक, तुम्ही झेंडे घराकडे आणलेत, पण नळी आहे तिथेच आहे. रेचा चर कुठे येणार होता? थेट तिच्यावर. एक ठिणगी उडाली असती तर रे गेला असता, हे घरही गेलं असतं, आणि तुमची लेक...”

काझिमिरचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यभर आगीशेजारी काम केलेल्या माणसाला अधिक सांगावं लागलं नाही.

“चराचं मला ठाऊक नव्हतं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला वाटलं, जागाच नाही म्हटल्यावर खोली रद्द होईल. एवढंच.” ते बर्नाडेटकडे वळले. “तू क्लीव्हलंडहून आलीस तेव्हा म्हणालीस, बाबा बरे होईपर्यंत राहते. आता खोली म्हणतेस. पोरी, भिंती उभ्या राहिल्या की ‘तोपर्यंत’ संपलं. मग तू इथेच. माझ्या उशाशी, मोजे चढवत. मला ते नको होतं.”

“मग मला सांगायचं.”

“तुला सांगून कधी कोणाचं चाललंय?”

एमेट खिडकीबाहेर बघत राहिला. बर्नाडेटच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते टॉवेलनं पुसलं, जो टॉवेल वडिलांच्या डोक्यावर होता.

त्याच दुपारी एमेटनं झेंडे पुन्हा जागेवर लावले, आणि संध्याकाळी रे येऊन स्वयंपाकघरात बसला. काझिमिरनी आधी त्याची माफी मागितली. मग नकाशा नव्यानं काढला गेला, हातभर आवरलेला. काझिमिरची एकच अट होती: खोलीला बाहेरून स्वतंत्र दार हवं. “मी माझ्या दारानं जाईन-येईन. तू तुझ्या दारानं. कुठे चाललीस, कधी येणार, हे मी विचारणार नाही, आणि मी काय खातोय हे तू.” अर्ध्या गोष्टीवर ती तयार झाली. शेजारच्या बाईंनी रोज सकाळी डोकवायचं ठरलं.

पहिल्या बर्फाआधी भिंती उभ्या राहिल्या. नळीचं काम संपलं होतं, खुणा करायला आता कोणी येणार नव्हतं. तरी एका रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजली. एमेट उभा होता. हातात कांडी नाही, धुतलेला सदरा, दाढी करताना हनुवटीवर लागलेलं.

बर्नाडेट पायरीवर थांबली. “आज काय काम काढलंत?”

“काही नाही.”

“कोणी पाठवलं? बाबांनी?”

“कोणी नाही.”

“मग?”

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. “मी जमिनीखालचं शोधतो, बर्नाडेट. बोलणं मला जमत नाही. मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून... काचेवर पाणी होतं, तुझा चेहरा धड दिसतही नव्हता, तेव्हापासून. तुला खात्री वाटेपर्यंत दर रविवारी येईन, आणि नको म्हणालीस तर येणार नाही. यामागे काही नाही.”

बर्नाडेटनं सवयीनं त्याचे हात पाहिले. रिकामे होते. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कुठे काही लपलंय का ते शोधत, अगदी सावकाश, दुकानात पाहायची त्याहून कितीतरी सावकाश. तो हललाही नाही.

“कॉफी झालीये,” ती शेवटी म्हणाली. “ये आत.”

पायरीवर तो तिच्या शेजारून जाताना तिनं त्याचा सदरा कोपरापाशी धरला, आणि दाराच्या आत येईपर्यंत सोडला नाही.