बटण सैल आहे तोवर

"...सात नंबरच्या खोलीत प्रेमाचं गाणं म्हटलं ना, की मागून एक बाई गुणगुणते. दिसत नाही, नुसती ऐकू येते. आणि ज्याच्या गाण्यात ती सूर मिसळते, ते माणूस मग..."

पुढचं बादलीत पडणाऱ्या नळाच्या पाण्यानं गिळून टाकलं.

भाषाशाळेच्या जिन्यात, वळणावर, शिवणकामवाल्या काकू एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तशाच थांबल्या. सात नंबरच्या खिडक्यांना नवे पडदे लावायचे होते, त्यांची मापं घ्यायला त्या आल्या होत्या. काम साधं, दहा मिनिटांचं. पण काकूंना अर्धी गोष्ट म्हणजे घशात अडकलेली गोळी. वरही येत नाही, खालीही जात नाही.

"मग काय होतं त्या माणसाचं?" त्यांनी वर चढत विचारलं.

सफाईवाल्या मावशींनी नळ बंद केला. बरोबरच्या कारकुनानं लगेच हातातले कागद चाळायला घेतले.

"काही नाही हो काकू. आमचं आपलं... रिकामटेकड्या गप्पा."

"मी काय परकी आहे? सांगा की."

"तुमची सूनबाई त्याच वर्गात आहे ना?" एवढं बोलून मावशींनी बादली उचलली आणि त्या निघूनच गेल्या.

सूनबाई दूर देशातली. इथे शिकायला आली, काकूंच्या मुलाशी ओळख झाली, लग्न झालं आणि दोन महिन्यांत मुलगा जहाजावरच्या नोकरीवर निघून गेला. जाताना म्हणाला, "आई, मी येईपर्यंत तुम्ही दोघी एकमेकींना सांभाळा." घरात दोन बायका, आणि मध्ये एक तोडकीमोडकी भाषा. पोरीनं सगळ्यात आधी शिकलेला शब्द 'आई'. त्या एका शब्दावर काकू विरघळल्या होत्या. संसाराचं उरलेलं गाडं त्या दोघी खुणांवर, हसण्यावर आणि भाषाशाळेतल्या संभाषणाच्या वर्गावर ढकलत होत्या.

पण आठवडाभर काहीतरी बिनसलं होतं. पोरगी माहेरी फोन लावून तास तास हळू आवाजात बोलायची. काकू खोलीत गेल्या की गप्प व्हायची. तिच्या कोटाचं वरून दुसरं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं. काकूंसारख्या बाईला ते बघवेना. "आण इकडे, दोन टाक्यांचं काम," त्या म्हणाल्या, तर पोरीनं कोट छातीशी धरला आणि मान हलवली. नको म्हणजे नको.

आणि मापं घेऊन त्या घरी आल्या तेव्हा पलंगावर सुटकेस उघडी पडलेली. काकू काही मुद्दाम डोकावल्या नव्हत्या. दार उघडं होतं, आणि नसतं तरी त्यांनी ते उघडलंच असतं, हा भाग वेगळा.

सुटकेस, फोन, कोट... आणि ते माणूस मग? ते माणूस मग काय?

"आई, गुरुवारी वर्गात प्रेमाचं गाणं आहे," जेवताना पोरगी म्हणाली. "प्रत्येकाचं आवडतं. मी पण म्हणणार."

"गाणं म्हटलं नाहीस तर चालणार नाही का?"

"का?"

"घसा बसलाय तुझा," त्या म्हणाल्या. पोरीचा घसा अगदी ठणठणीत होता.

गुरुवारी काकू अर्धा तास आधीच भाषाशाळेत हजर झाल्या. खांद्यावर पडदे, पिशवीत सुया, टाचण्या, कात्री. बाहेर धुकं इतकं दाट होतं की पाच वाजता खोलीतले दिवे लावावे लागले होते. सर एकटेच टेबलाशी बसले होते. थकलेले, काठी टेकत चालणारे, पण शर्टाला कडक इस्त्री. त्यांच्यापुढे कॅसेटचं जुनं यंत्र होतं. विद्यार्थी बोलले की सर ते टेप करायचे आणि पुन्हा ऐकवायचे. आपली चूक आपल्या कानांनी ऐकली की ती पुन्हा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोबाईलवर करा ना, असं पोरं म्हणाली तर सर म्हणायचे, "मोबाईल फार लाडावून ठेवतो रे माणसाला."

"काकू, कात्री आहे ना? हा कॅसेटवरचा प्लास्टिकचा कागद मेला नखानं निघत नाही."

काकूंनी कात्रीच्या टोकानं तो चकचकीत कागद टरकन फाडून दिला, कात्री कापडी कव्हरात खोचली आणि त्या स्टुलावर चढल्या.

मग विद्यार्थी आले. सात जण, सात देशांचे. गोल करून बसले. खुर्च्या आठ होत्या. उशिरा येणाऱ्यासाठी एक नेहमी रिकामी ठेवायची, असा त्या वर्गाचा जुना नियम. काकूंनी टीप घालायचं निमित्त काढलं आणि पडद्यामागे राहून कान टवकारले. त्यांच्या पुढे पडदा, पाठीला खिडकीची थंडगार काच, आणि काचेपलीकडे दोन मजले खोल धुकं.

बेकरीत काम करणाऱ्या धिप्पाड मुलानं पहिलं गाणं म्हटलं. "हे गाणं माझे बाबा आईला म्हणायचे," त्यानं सांगितलं. "आईला अजिबात आवडत नाही. बाबा बेसूर आहेत."

"तूही काही कमी नाहीस," शेजारची नर्स म्हणाली. खोलीत हशा पिकला. काकूंनाही हसू आलं. पडद्यामागून दुसरा सूर काही आला नाही. तिसरं गाणं झालं, चौथं झालं. काकूंचा जीव भांड्यात पडला. रिकामटेकड्या गप्पा, दुसरं काय!

मग सूनबाई उभी राहिली.

"हे गाणं कुठे छापलेलं नाही," ती एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली. "माझ्या आजीनं आजोबांसाठी केलं. फक्त आमच्या घरात आहे. दुसऱ्या कुणाला येत नाही."

आणि ती गायला लागली. चाल अगदी साधी, पाळणा हलावा तशी. काकू टाचणी तोंडात धरून ऐकत राहिल्या. पहिली ओळ संपली, दुसरी सुरू झाली...

आणि काकूंच्या मानेमागे कुणीतरी गुणगुणलं.

बाईचा आवाज. उतारवयातला, थोडा खरखरीत. पोरीच्या मागे अर्धा ताल, जणू गाणं आत्ताच शिकते आहे. खडूचा कोरडा वास आला. काकूंच्या पाठीशी तर काच होती. काच आणि त्यांच्या मध्ये हात घालायला जागा नव्हती... तरी आवाज तिथूनच येत होता. मानेवरचे बारीक केस त्या गुणगुणण्यानं हलत होते. मान वळवावी असं मन म्हणत होतं आणि मान ऐकत नव्हती. तिसऱ्या ओळीला तो आवाज पाव ताल मागे आला. चौथ्या ओळीला पोरीच्या अगदी खांद्याला खांदा लावून चालू लागला. शेवटचा सूर दोघींनी एकदमच सोडला.

ते माणूस मग... ते माणूस मग...

"जाऊ नकोस गं!" काकू ओरडल्या. तोंडातली टाचणी पडली, डबीतल्या शंभर टाचण्या खळखळत फरशीवर सांडल्या, आणि काकू पडद्यात गुंडाळलेल्या अवस्थेत स्टुलावरून खाली आल्या.

सगळे धावले. पोरीनं त्यांना पडद्यातून सोडवलं. "आई! लागलं?"

"कुठे जाऊ नकोस," काकू तिचा हात धरून म्हणाल्या. "सुटकेस ठेव वर. माझं काही चुकलं असेल तर सांग. पण अशी न बोलता..."

पोरगी गोंधळून बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती तिथेच फरशीवर, टाचण्यांच्या मध्ये, फतकल मारून बसली.

"आई, सुटकेसच्या अस्तरात आजीची वही आहे. गाण्याचे शब्द त्यात. दोन शब्द पुसले होते, म्हणून मी घरी फोन करत होते. तुम्हाला आधी नव्हतं सांगायचं. गाणं येतंय का बघून मग घरी म्हणून दाखवणार होते."

"आणि कोट? बटण?"

पोरीच्या गालांवर लाली चढली. "ते गाण्यातच आहे. आजी आजोबांना म्हणते, तुझ्या कोटाचं बटण सैल झालंय. मी ते आज लावणार नाही. लावलं की तू निघशील. बटण सैल आहे तोवर तू माझ्या घरी आहेस." ती थांबली. "म्हणून मी तुम्हाला लावू देत नव्हते. मला राहायचंय."

काकूंनी पोरीचं डोकं पोटाशी धरलं. बेकरीवाला मुलगा नाक पुसायला लागला. "हे माझ्या गाण्यापेक्षा बरं आहे," तो म्हणाला.

"तुझ्यापेक्षा कुठलंही बरंच," नर्स म्हणाली.

पाणी पिऊन झाल्यावर काकूंनी आवाजाचं सांगितलं. सरांनी एक क्षण डोळे मिटले. मग ते हसले.

"घाबरलात होय? अहो, सहा वर्षांपूर्वी वारेपर्यंत हा वर्ग माझी बायको घ्यायची. पोरांची गाणी शिकायची तिला भारी हौस. त्यांच्या मागे मागे, अर्धा ताल चुकत गुणगुणायची. टेपा त्याच जुन्या, मी त्यांच्यावरच नवं भरतो. फळा पुसला तरी जुनी अक्षरं दिसतात ना, तसा तिचा आवाज मधूनच उमटतो. आणि तो बघा, यंत्राला जोडलेला स्पीकर अगदी तुमच्या डोक्यावर, टेप भरतानाही चालूच असतो."

काकूंनी वर पाहिलं. खिडकीच्या चौकटीवर खरंच एक धुळकट स्पीकर होता. छातीवरचा दगड उतरला.

सरांनी टेप मागे फिरवून गाणं लावलं. पोरीच्या आवाजामागे ती बाई होतीच. आधी अर्धा ताल मागे, मग बरोबर. ऐकताना सरांची बोटं टेबलावर ताल धरत होती.

"मग त्या माणसाचं काय?" काकूंना राहवेना. "ज्याच्या गाण्यात ती सूर मिसळते, त्या माणसाचं मग काय होतं?"

दारात सफाईवाल्या मावशी केरसुणी घेऊन आल्या होत्या. "वर्षाच्या आत देश सोडून जातं!" त्या डोळे मोठे करून म्हणाल्या. "एकूण एक! मी मोजलेत."

"मावशी," सर म्हणाले, "परदेशी विद्यार्थी आहेत ते. शिक्षण संपलं की घरी जातातच. न जाऊन करतील काय?"

खोली हसण्यानं भरून गेली. सगळ्यात मोठ्यांदा काकू हसल्या. टाचण्या गोळा करतानाही त्यांना राहून राहून हसू येत होतं.

सासू-सून घरी आल्या त्या हातात हात घालून. पोरीनं कोट खुंटीवर लावला. सैल बटण दोऱ्यावर झुललं. सवयीनं काकूंनी सुई ओवली, बटणाकडे पाहिलं, आणि सुई पुन्हा सुयांच्या गादीत टोचून ठेवली. आतल्या खोलीत पोरगी आजीचं गाणं गुणगुणत कपडे बदलत होती. काकूंनी कान देऊन ऐकलं. एकच आवाज. स्वच्छ, एकटा. बरं वाटलं.

मग त्यांनी कात्री कव्हरातून काढली. तिच्या पात्याला एक चकचकीत कागद चिकटून आला. पातळ, पारदर्शक. त्यावर उघडायची लाल पट्टी तशीच होती.

काकूंनी तो कागद दिव्यापुढे धरला. टेप जुनी नव्हती. त्यांनीच तर ती आज फोडली होती. आणि फोडायला दिली होती ती सरांनी.

एवढ्या चौकस काकू, पण हे त्यांनी सुनेला सांगितलं नाही. तो कागद बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला.

पुढच्या गुरुवारी पडद्याची राहिलेली टीप घालायला त्या पुन्हा गेल्या. खोलीत सर एकटेच होते. त्यांनी खणातून एक कोरी करकरीत कॅसेट काढली आणि काकूंकडे पाहिलं. काकूंनी कात्री पुढे केली. मग गोलातल्या आठव्या खुर्चीवरची धूळ पदरानं पुसली आणि त्या स्टुलावर चढल्या.