तिसरी ओळ

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. माझ्यासोबत जे झालं तेच सांगते, पदरचं एक अक्षरही घालत नाही.

साल १८१९. मार्चमधला गुरुवार, दुपारचे तीन. मॅसॅच्युसेट्समधलं माझ्या मामांचं घर.

मामा म्हणजे अझराया लॉकरिज. स्वातंत्र्याच्या लढाईत इंग्रजांशी लढले, एका तुकडीचे कप्तान होते. पुढे वीस वर्षं सेनेटर. आता ऐंशीला टेकले होते, डोळे गेले होते, तरी लोक काही त्यांना सोडत नव्हते. रोज पंधरा-वीस पत्रं यायची. कुणाला पोस्टमास्तर व्हायचंय, कुणाला जावयाला कुठंतरी चिकटवायचंय. एकानं तर चीज पाठवून विचारलं होतं, मुलाला तुमचं नाव ठेवू का? मामा म्हणाले, आधी चीज खाऊन बघू.

पत्रं वाचायला आणि उत्तरं लिहायला मी. डॉर्कस. आदल्या ऑक्टोबरात माझा नवरा आणि माझी मुलगी तापानं एकाच आठवड्यात गेली, म्हणून मी मामांकडे आले. मी रडले नाही. रडूच येत नव्हतं. जेवायचं, लिहायचं, झोपायचं. आत काही हलतच नव्हतं.

मामांचा एक नियम होता. आलेलं पत्र उभं दुमडायचं आणि पाठीवर तीन ओळी लिहायच्या. कुणाचं, कधी आलं, उत्तर कधी दिलं. मगच ते कपाटाच्या खणात ठेवायचं.

मी काय करायचे... तिन्ही ओळी आधीच लिहून टाकायचे. उत्तर मागाहून. थंडीनं शाई गोठायची, ती सारखी आगीपाशी कोण नेणार? सहीचं तर कामच नव्हतं. मामा सकाळीच कोऱ्या कागदांच्या तळाशी सह्या करून ठेवायचे.

जानेवारीत हुल्डा स्कोव्हिलचं पत्र आलं. टार्बेल गावातली म्हातारी विधवा. टार्बेल म्हणजे माझं सासर. माझ्या लग्नात हिनं स्वतःच्या हातानं ओवलेली वाळक्या सफरचंदांची माळ आणली होती.

मार्चच्या सभेत गाव तिचा लिलाव करणार होतं. आमच्याकडे निराधार माणसाला असं उभं करतात. गावाकडून सगळ्यात कमी पैसे घेऊन पोसायला जो तयार होईल, तो घेऊन जातो आणि मरेस्तोवर राबवतो. पण सैनिकाच्या विधवेला उभं करायचं नाही, असं टार्बेलनं ठरवलेलं. तिचा नवरा रूबेन लढला होता, फक्त पुरावा नव्हता. साहेबांनी दोन ओळी लिहून द्याव्यात, एवढंच तिचं मागणं.

मामा खुर्चीत ताठ बसले. "रूबेन? अगं, माझा ढोलवाला तो. लगेच लिही, पोरी."

मी पत्राच्या पाठीवर तीन ओळी लिहिल्या. तिसरी ओळ... उत्तर दिलं, १४ जानेवारी.

मग शाई गोठली. सहीचा कोरा कागद मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सारला आणि पत्र खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "स्कोव्हिलबाईंचं गेलं ना?"

"गेलं," मी म्हणाले.

दोनच ओळी होत्या हो. का लिहिल्या नाहीत, ते आजही सांगता येत नाही. वाईट वाटलं, असंही नाही. काहीच वाटलं नाही.

फेब्रुवारीत तिचं दुसरं पत्र आलं. उत्तर पोचलं नाही, डॉर्कसला विचारा, ती मला ओळखते. ते मी मामांना वाचून दाखवलंच नाही. पाठीवर तीन ओळी लिहिल्या आणि खणात टाकलं.

मार्चमध्ये सभा झाली. आमची स्वयंपाकीण हेप्सी बातमी घेऊन आली. हुल्डाला टेकडीवरच्या प्रुइटनं घेतलं. माळ्यावर गवतात झोपवलं. पाचव्या दिवशी सकाळी बघतात, तर थंडगार.

मामांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "पण आपण तर लिहिलं होतं."

"हो," मी म्हणाले.

त्यानंतरचा गुरुवार. दुपारचे तीन.

टपालवाला आला की वेशीपासून शिंग फुंकायचा. त्या दिवशी शिंग वाजलं नाही. घोड्याच्या टापा मात्र ऐकू आल्या... दारापर्यंत. परत गेल्याच्या नाहीत.

मी दार उघडलं. अंगणात ताजा बर्फ. एक खूर नाही, एक पाऊल नाही.

उंबऱ्यावर पत्र होतं. अक्षर हुल्डाचं. तारीख... त्याच दिवसाची.

"साहेब, तुमचं उत्तर मिळालं, पण उशिरा. सभा होऊन गेली होती. तुमच्या भाचीनं लिहिलंय की ती येईल. मी तिच्यासाठी अर्धं अंथरूण मोकळं ठेवलंय."

मी कागद उलटला. पाठीवर तीन ओळी आधीच होत्या. माझ्या अक्षरात.

मी ड्रॉवर उघडला. सहीचा कागद तिथं नव्हता.

आतून मामांनी विचारलं, "कुणाचं गं?"

"कुणाचं नाही," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी मामा गेले. घर त्यांच्या बोस्टनच्या मुलाकडे गेलं आणि त्यानं मला सामान बांधायला सांगितलं. विधवेला तिच्या नवऱ्याच्या गावानं पोसायचं, असा आमचा कायदा. मामांनी ज्यांची कामं केली होती, त्यातल्या अकरा जणांना मी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मार्चच्या सभेत टार्बेलनं मला उभं केलं. हात वर केला तो प्रुइटनं.

आता मी त्याच माळ्यावर झोपते. तुळईला वाळक्या सफरचंदांची माळ टांगलेली आहे. मी प्रुइटच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "आमची नाही. आमच्याकडे सफरचंदाचं झाडच नाही."

रोज सकाळी उठते, तर माझ्या शेजारचं गवत दबलेलं असतं... कुणीतरी नुकतंच उठून गेल्यागत. मी कडेला सरकून झोपते. तिला जागा पुरायला हवी.

गेल्या आठवड्यात त्या गवताखाली एक कागद सापडला. तळाशी मामांची सही. सहीखाली माझ्या अक्षरात दोन शब्द... मी येते.

वरचा सगळा कागद कोरा.

प्रुइटच्या बायकोकडे मी शाई मागितली. ती हसली. म्हणाली, तुला गं कुणाला लिहायचंय?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.