हात लावून पाहिले

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत उंदरांच्या मेंदूची चित्रं निघत. तिथलं एमआरआय म्हणजे माणसांच्या यंत्राचं धाकटं भावंड, बोगदा जेमतेम हात जाईल एवढा. ते चालवणारीला अख्खी इमारत यंत्रवाली म्हणायची आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

काम ठरलेलं होतं. उंदराला भुलीचा गॅस द्यायचा, छोट्या पाळण्यात पालथं निजवायचं आणि पोटाखाली हवेची इवलीशी उशी सरकवायची. श्वासागणिक उशी दबे आणि बाहेरच्या पडद्यावर हिरवी रेघ वर-खाली होई. झोपलेला उंदीर मिनिटाला पन्नास श्वास घेतो. जाग्याला हात लावला तर आकडा शंभरावर जातो. यंत्राच्या थरथरीनेही उशी हलते, रेघ फसवते. म्हणून म्हाताऱ्या पशुवैद्यांनी नियम घालून दिला होता की दर अर्ध्या तासाने यंत्र थांबवून उंदराला हात लावायचा. तक्त्यात तसा रकानाच होता, ‘हात लावून पाहिले’.

त्या दुपारी सतरा नंबरचा उंदीर होता, पक्षाघाताच्या औषधाच्या चाचणीतला शेवटचा. चित्रं पूर्ण होण्याआधी हा दगावला तर दोन वर्षांच्या कामावर पाणी पडणार होतं, आणि यंत्रवालीची नोकरी त्याच अहवालावर पक्की व्हायची होती. ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. तेवढ्यात ताईचा फोन आला. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रजा कोणी काढायची यावरून दोघींची चांगलीच जुंपली. फोन ठेवल्यावरही हिचं डोकं तापलेलंच होतं. रेघ मात्र शहाण्या मुलासारखी पन्नासावर. दर अर्ध्या तासाने तिने तक्त्यात खूण केली, पण खुर्चीतून उठली नाही.

संध्याकाळी पाळणा बाहेर ओढला तर उंदीर लाकूड झालेला. पशुवैद्य आले, त्यांनी बोटांनी मान चाचपली, पाय वाकवून पाहिला.

“कधी गेला हा?”

“आत्ताच असेल, डॉक्टर. शेवटपर्यंत रेघ चालू होती…”

“अगं, हा ताठरलाय. तीन तास तरी झाले असतील. तू हात लावला होतास ना?”

“लावला होता.”

त्यांनी तक्त्यातल्या खुणा पाहिल्या. मग म्हणाले, “मग प्रश्नच मिटला,” आणि हात धुवायला गेले.

चित्रं पाहून चाचणीचे प्रमुख, मोठे साहेब, हरखले. मेंदूतलं रक्त शेवटच्या चित्रापर्यंत छान वाहताना दिसत होतं, इतकी स्वच्छ चित्रं आधीच्या सोळांपैकी एकाचीही नव्हती. मेलेल्याच्या मेंदूत रक्त वाहत नाही, असं पशुवैद्य एकदा पुटपुटले. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. यंत्रवालीने तक्त्यावर सही केली. तिला स्वतःची लाज वाटली, पण सही खोडावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे यंत्र तपासायला आली. बोगद्यात पाण्याने भरलेली नळी ठेवून एक चित्र काढायचं, एवढंच काम. यंत्र अजून सुरू झालं नव्हतं. उशी धुऊन टेबलावर ठेवली होती, तिची तार काढून ठेवलेली. आणि पडद्यावर रेघ वर-खाली होत होती. पन्नास.

दार लोटून निघून जावं असं तिला वाटलं. पण आदल्या दिवशी जे सहादा टाळलं होतं ते तिने आज केलं. बाही सरकवली आणि बोगद्यात कोपरापर्यंत हात घातला. आत काही नव्हतं, नुसतं गार प्लास्टिक.

पडद्यावरचा आकडा एकशे दहावर गेला.

तिने हात मागे घेतला आणि दुसरं काही सुचेना म्हणून रिकाम्या बोगद्यात भुलीचा गॅस सोडला. दोन मिनिटांत आकडा पन्नासावर आला, मग रेघ सपाट झाली.

नोकरी पक्की झाली. आता ती रोज सगळ्यांच्या आधी येते आणि पाण्याची नळी ठेवण्यापूर्वी आत हात लावून पाहते, मग गॅस सोडते. पहिल्यांदा दोन मिनिटं पुरली होती, परवा वीस लागली. काल मात्र ती खोलीत शिरली तेव्हाच आकडा एकशे दहावर होता, आणि तिने अजून हात आत घातला नव्हता.